५५ पाउंड कशाचे? होडीच्या विजेच्या मोटरचं वजन आणि रेटा

प्रश्न मालाडहून आला आहे. चौदा फुटी फायबरची होडी, मार्व्याला ओढून ठेवलेली. रविवारी दोघं मित्र मनोरीच्या खाडीत गळ टाकतात. जिताडा, तांबोशी, बऱ्याचदा नुसत्या शिंगट्या. आजवर वल्ही मारली, आता खांदे कुरकुरायला लागले म्हणून विजेची ट्रोलिंग मोटर घ्यायची आहे. त्यांनी तीन मोटरी काढल्यात: ४५ पाउंडांची, वजन ९ किलो, ५५ पाउंडांची, वजन १० किलो, आणि २४ व्होल्टवर चालणारी ८० पाउंडांची, वजन १४ किलो. मग रेट्याला वजनाने भागलंय. उत्तरं आली ५, ५.५ आणि ५.७. "म्हणजे किलोमागे सगळ्यात जास्त ताकद ८० च्या मोटरीत आहे. तीच घेऊ ना?"

नका घेऊ. ५५ ची घ्या आणि वाचलेले पैसे बॅटरीत आणि वायरीत घाला. का, ते सांगायला जरा लांबण लागेल. मी वर्सोव्याला गेली बावीस वर्षं होड्यांच्या मोटरी उघडतोय, तेल लागणाऱ्याही आणि विजेच्याही, आणि हा भागाकार घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही.

भागाकार चुकीचा नाही, जागा चुकीची आहे. ड्रोन स्वतःचं वजन स्वतः हवेत उचलतो, त्याला किलोमागे किती रेटा हे बघावंच लागतं. होडीचं वजन पाणी उचलतं. तुमच्या होडीत तुम्ही दोघं, बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी धरून चारशे किलोच्या आसपास भार होतो. त्यात मोटर १० किलोची की १४ किलोची, हा एका टक्क्याचा फरक. एखाद्याने जेवणाचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन जास्त आणले तरी तेवढं होतं.

आता आधी आकडे साफ करू. ५५ पाउंड हे मोटरचं वजन नाही, तो रेटा आहे, म्हणजे पंखा पाणी मागे ढकलून होडीला किती जोराने पुढे लोटतो त्याचं माप. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम, तेव्हा ५५ पाउंड म्हणजे साधारण २५ किलोचा जोर. विकणारे लोक कधी कधी वजनाच्या रकान्यात हाच आकडा लिहून मोकळे होतात. एकाने माझ्याकडे येऊन विचारलं होतं, "मोटर २५ किलोची आहे, मागची फळी धरेल का?" मोटर नऊ किलोची होती. उलटही होतं: लिहिलेलं वजन खोक्यासकटचं असतं आणि हातात येते ती दोन-तीन किलोंनी हलकी. तीन दुकानदारांच्या तीन मोटरींची वजनं शेजारी मांडताना ती एकाच प्रकारे मोजली आहेत का, हे आधी बघा. आणि कुठे "एक हॉर्सपॉवर", "दोन हॉर्सपॉवरइतकी" असं लिहिलं असेल तर ते सोडून द्या. रेटा आणि हॉर्सपॉवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं तर होडीचा वेग माहीत हवा, आणि तो खोक्यावर नसतो.

हा रेटा मोजतात होडी बांधून ठेवून, जागच्या जागी. होडी चालायला लागली की पंख्याला समोरून पाणी मिळतं आणि रेटा उतरत जातो. म्हणून ८० पाउंडांची मोटर ५५ च्या दीडपट जोराची असली तरी होडी दीडपट वेगाने जात नाही. या मोटरींचे पंखे मुळात संथ चालीसाठी घडवलेले असतात. चौदा फुटी होडीला ५५ ची लावा नाहीतर ८० ची, शांत पाण्यात ताशी सहा-सात किलोमीटरच्या आगेमागेच राहाल. जास्तीचा रेटा कामाला येतो तो वारा आणि ओढ यांच्याविरुद्ध टिकून राहायला.

या मोटरींचा जन्मच त्यासाठी आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटामध्ये ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढून त्याला दांडा आणि पंखा जोडला. मिनेसोटा आणि डाकोटा मिळून त्याच्या कंपनीला मिन कोटा हे नाव पडलं. तळ्यातल्या माशाला न बिचकवता होडी हळूहळू सरकवायची, एवढाच हेतू. तळ्यात ओहोटी नसते. तिकडचा हिशोब आपल्या खाडीत जसाच्या तसा चालत नाही तो इथेच.

तिकडचा ढोबळ नियम असा: भरलेल्या होडीच्या दर १०० पाउंड वजनाला २ पाउंड रेटा. आपल्या भाषेत, वजनाच्या दोन टक्के. तुमचे चारशे किलो धरले तर आठ किलोचा रेटा, म्हणजे जेमतेम १८ पाउंड. या हिशोबाने ३० पाउंडांची मोटरसुद्धा पुरून उरते. पवईसारख्या तळ्यात, सकाळच्या वेळी, खरंच पुरते.

आता वारा धरा. दोघं बसलेले, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे, समोरून दिसणारं अंग दीड चौरस मीटर. पंधरा नॉटचा वारा म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर. एवढा वारा या अंगावर साडेपाच किलोच्या आसपास मागे ढकलतो, म्हणजे १२ पाउंड. वारा वीस नॉट झाला तर २१ पाउंड, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. होडी आडवी झाली की अंग दुप्पट, जोरही दुप्पट. १८ आणि २१ मिळून ३९. वर बॅटरी अर्धी उतरल्यावर रेटा पडतो, चालत्या होडीत पडतो, लाटेत पंखा वर आला की पडतो. म्हणून ४५ ची मोटर तुम्हाला कागदावर पुरते आणि पाण्यात जेमतेम ठरते. ५५ ला थोडी गंगाजळी राहते. हा माझा कल. खाडीतून बाहेर पडणार नसाल आणि सकाळी दहाच्या आत परतणार असाल तर ४५ वर चालवणारेही आहेत आणि खूश आहेत.

ओहोटीचं गणित मात्र पाउंडांत मांडूच नका, वेगात मांडा. मुंबईच्या खाड्यांत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या पाण्याला, भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी पाणी दोन ते तीन नॉटने धावतं, अरुंद जागी तर जाणवण्याइतकं जास्त. तीन नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. तुमची होडी पूर्ण जोरात सहा-साडेसहाने जाते. उरला एक किलोमीटर. म्हणजे बॅटरी सगळी जाळून तुम्ही चालत्या माणसाच्या एक चतुर्थांश वेगाने पुढे सरकणार. ८० ची मोटर लावली तरी हा हिशोब फारसा बदलत नाही, कारण वेगाला वर सांगितलेली मर्यादा आहेच.

यावरचा उपाय दुकानात मिळत नाही, पंचांगात मिळतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास आणि तशीच मध्यरात्रीच्या सुमारास. मग ओहोटीची सगळ्यात जोरकस ओढ दुपारी तीनच्या सुमाराला. नेमकं त्याच वेळी खारा वारा चढलेला असतो. पाणी खाडीतून बाहेर, वारा समुद्रावरून आत. दोघं एकमेकांवर आले की मनोरीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात; उंच फार नाहीत, पण इतक्या जवळजवळ की होडीची मागची बाजू दर दुसऱ्या लाटेला उचलते आणि पंखा हवा खातो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, गुरगुरणारी मोटर एकदम शिट्टी मारल्यासारखी किंचाळते आणि होडी जागीच. अशा वेळी ५५ असो की ८०, पंखा पाण्यात नसेल तर रेटा शून्य.

अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ निम्म्यावर येते. विजेच्या मोटरीवर शिकायचं तर ते दिवस धरा. तुमची होडी मार्व्याला, म्हणजे तोंडाजवळ. भरतीबरोबर गोराईच्या बाजूला आत सरका, पाणी फिरलं की ओहोटीबरोबर परत या. मोटर फक्त दिशा द्यायला आणि जागा धरायला. माझे एक मामेसासरे वर्सोव्याचे, आयुष्यभर होडीवर, माझी पहिली मोटर बघून म्हणाले, "जावईबापू, पंखा चांगला आहे, पण पाणी कुठे जातंय ते आधी बघून निघा." तेव्हा हसलो होतो. त्याच आठवड्यात मढच्या बाजूला दीड तास तिवरांना धरून बसलो, पाणी फिरायची वाट बघत.

आता तुमच्या ८० च्या मोटरीकडे. मिन कोटाच्या तक्त्यात ५५ पाउंडांची मोटर पूर्ण जोरात १२ व्होल्टवर ५० अँपियर ओढते. म्हणजे ६०० वॅट. ८० ची २४ व्होल्टवर ५६ अँपियर, म्हणजे १३४४ वॅट. रेटा ४५ टक्क्यांनी वाढला, वीज सव्वादोनपट लागली. ११२ पाउंडांची ३६ व्होल्टवर ५२ अँपियर घेते, १८७२ वॅट. शंभर वॅटमागे ५५ ची ९ पाउंड देते, ८० ची आणि ११२ ची ६ च्या आसपास. तुम्हाला भागाकारच करायचा असेल तर हा करा, रेटा भागिले वॅट. कारण प्रत्येक वॅट शेवटी बॅटरीतून येतो आणि बॅटरी कुणीतरी उचलून आणायची असते.

इथे वजन खरोखर मोजावं लागतं. १०० अँपियर-तासाची शिशाची बॅटरी, रिक्षावाले ई-रिक्षात घालतात तसली, २८ ते ३० किलो. घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्युब्युलर पंचावन्न-साठ किलो, शिवाय तिची उंची होडीत नको तिथे येते. लोक आणतात म्हणून सांगितलं. ८० ची मोटर म्हणजे २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या ओळीने. तर ५५ चा सगळा संसार चाळीस किलोत बसतो आणि ८० चा पंचाहत्तरच्या पुढे जातो. तुमच्या यादीतला ४ किलोचा फरक इथे पस्तीस किलोंचा झाला.

गंमत अशी की पाण्यात या पस्तीस किलोंचंही फार काही नाही. दोन टक्क्यांच्या नियमाने त्यांना दीड पाउंड जास्तीचा रेटा पुरतो. त्रास होतो तो जमिनीवर. मार्व्याला पाणी उतरल्यावर होडीपर्यंत चिखलातून जावं लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पोटरीपर्यंत गाळ, एका हातात चप्पल, आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याला धरलेली तीस किलोची बॅटरी, जिच्यातलं ॲसिड तिरकी झाली की पँटवर येतं. हे दोन खेपांना करून बघा आणि मग ८० चा विचार करा. मी एका गिऱ्हाइकाची तशी बॅटरी गाळातून काढायला मदत केली आहे. ती बाहेर आली, त्याची चप्पल अजून तिथेच आहे.

लिथियम फॉस्फेटची १०० ची बॅटरी ११ ते १३ किलोत येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. शिशाची अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, शिवाय एका दमात ५० अँपियर ओढले तर तिच्यातून लिहिलेले १०० निघतच नाहीत. व्यवहारात पूर्ण जोरावर शिशाची बॅटरी पाऊण तास आणि लिथियमची दीड तासाच्या पुढे, असं धरा. पण पूर्ण जोरावर दिवसभर कुणी चालत नाही. पंख्याचा रेटा निम्म्यावर आणला की वीज साधारण एक तृतीयांशावर येते. जागा धरून गळ टाकायला दहा-बारा अँपियर पुरले, की तीच शिशाची बॅटरी चार तास काढते.

म्हणून वेग कसा बदलतो हे विचारून घ्या. स्वस्त मोटरींना पाच पायऱ्यांचा खटका असतो आणि खालच्या पायऱ्यांवर वीज आत बसवलेल्या तारेत तापून वाया जाते. हळू चालवूनही बॅटरी वाचायला हवी तेवढी वाचत नाही. विनापायरीचा, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेग बदलणारा प्रकार थोडा महाग, पण गळवाल्यांनी तोच घ्यावा. तुम्ही दिवसातला नव्वद टक्के वेळ खालच्याच वेगांत असता.

लिथियम घेताना एक खोच. बॅटरीच्या आत संरक्षणाचं सर्किट असतं, त्याची मर्यादा वाचा. १०० अँपियर-तासाची बॅटरी पण सर्किट ५० अँपियरचं, अशी स्वस्तातली मिळते. ५५ ची मोटर पूर्ण जोरात नेली, पंख्याला जरा शेवाळ अडकलं, अँपियर ५० च्या वर गेले की बॅटरी स्वतःला बंद करून घेते. खाडीच्या मधोमध, काही न बोलता. १०० अँपियर सतत देणारं सर्किट हवं. आणि ई-रिक्षातून काढलेला लिथियमचा गठ्ठा कुणी स्वस्तात देत असेल तर तो बहुधा ४८ किंवा ६० व्होल्टचा असतो. १२ व्होल्टच्या मोटरीला लावलात तर माझ्याकडे यायचं कारण तेवढं मिळेल.

वायरीबद्दल मी नेहमी जास्त बोलतो, ऐकून घ्या. दोन वर्षांपूर्वी एक जण नवीकोरी ५५ ची मोटर घेऊन आला, "दम नाही हिच्यात, फसवलं मला." आम्ही होडी धक्क्याला बांधली. मागच्या कडीला दोरी, दोरीच्या टोकाला मासळी तोलायचा लटकता डिजिटल काटा, काटा खुंट्याला. दोरी दहा-बारा मीटर तरी हवी, नाहीतर पंख्याचं पाणी धक्क्याच्या भिंतीवर आपटून परत येतं आणि काटा खोटं बोलतो. भरती थांबली ती वेळ धरली. मोटर पूर्ण जोरात. काटा चाचपडत १९ किलोवर थांबला. यायला हवे होते २५.

मीटर लावला. बॅटरीच्या खुंट्यांवर १२.१ व्होल्ट, मोटरीच्या तोंडाशी १०.७. बॅटरी नाळेत, मोटर मागे, मधे पाच मीटर वायर, जाऊन-येऊन दहा. वायर होती ६ स्क्वेअरची, म्हणजे ६ चौरस मिलिमीटर जाडीची, घरातल्या एसीला घालतात ती. जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच गरम होऊन गेले. व्होल्ट कमी तर पंख्याचे फेरे कमी, आणि रेटा फेऱ्यांच्या वर्गाने पडतो. म्हणून बारा टक्के व्होल्ट गेले की वीस-बावीस टक्के रेटा जातो. लोहार चाळीतून १६ स्क्वेअरची तांब्याची वायर आणली, टोकांना लग, म्हणजे जोडायच्या धातूच्या टोप्या, दाबून बसवले, वर टेप नाही तर गरम करून आवळणारी नळी. पुन्हा बांधली. मोटरीशी ११.५, काटा २२ वर. बॅटरी थोडी उतरलेली होती, त्या मानाने चोख. मोटर तीच, माणूस तोच, तीन किलो रेटा वायरीतून निघाला. पाउंडांत साडेसहा. ४५ आणि ५५ च्या मधल्या फरकापैकी अर्ध्याहून जास्त.

त्याच वेळी बॅटरीजवळ ६० अँपियरचा डीसीसाठीचा ब्रेकर घाला. घरच्या मीटरपेटीतला एमसीबी नको. तो एसीसाठी असतो, डीसीचा जाळ त्याला तोडता येत नाही, आतल्या आत वितळतो.

बॅटरी कुठे ठेवायची? मागे मोटर, मागेच सुकाणावर बसलेला माणूस, आणि सोय म्हणून मागेच बॅटरी, असं केलं की होडीचं ढुंगण बसतं, नाळ वर जाते आणि वारा ती नाळ हवी तशी फिरवतो. बॅटरी मधल्या फळीखाली सरकवा आणि वायर जाड ठेवा. लिथियम असेल तर अगदी पुढे गेली तरी चालेल.

दांड्याची लांबी वजनापेक्षा महत्त्वाची, पण यादीत ती कुणी लिहीत नाही. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली एक फूट तरी राहिलं पाहिजे, आणि तेही तुम्ही दोघं बसल्यावर. मागच्या फळीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत मोजा, त्यात एक फूट आणि पंख्याचं निम्मं अंग मिळवा, वर लाटेसाठी थोडं. ३० इंची दांडा तळ्यातल्या बुटक्या होड्यांना ठीक. तुमच्या होडीला ३६ इंच तरी बघा.

खारं पाणी. गोड्या पाण्यासाठीच्या मोटरी स्वस्त मिळतात आणि खाडीत वापरल्या की वॉरंटी गेली, हे बारीक अक्षरात असतं. खाऱ्यासाठीच्या मोटरीवर वेगळा लेप असतो आणि पंख्यामागे जस्ताचा तुकडा, जो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. तो झिजतोय म्हणजे काम करतोय. वर्षाकाठी बदला, त्यावर रंग मारू नका. एकाने "छान दिसावं" म्हणून चंदेरी रंग मारून आणला होता. दर खेपेनंतर गोड्या पाण्याने धुवा, वायरीच्या जोडावर ग्रीस.

आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. मी उघडलेल्या, पाणी शिरलेल्या मोटरींपैकी निम्म्याहून जास्त तंगुसाने मेल्यात. पंख्याचा नट काढला, पिन सरकवून पंखा ओढला की मागे दांड्यावर तंगूस रिळासारखा घट्ट गुंडाळलेला असतो, आपलाच तुटलेला नाहीतर कुणाच्या फाटक्या जाळ्याचा. तो फिरत फिरत आतल्या रबरी सीलमध्ये रुततो, सुरीसारखा कापतो. पुढच्या खेपेला त्या फटीतून पाणी आत. मोटरीचं पोट उघडलं की दुधाळ, करड्या रंगाचं खारट पाणी निघतं आणि चुंबकांवर गंजाची साय. त्यानंतर दुरुस्तीला अर्थ नसतो. दर दोन-तीन खेपांना पंखा काढून बघायला पाच मिनिटं लागतात. जादा पिन आणि नट डब्यात ठेवा; तिवराच्या मुळाला पंखा लागला की पिन तुटते, तुटण्यासाठीच ती असते.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ होती, की काकांची अठ्ठावीस फुटी लाकडी होडी आहे, तिला ११२ ची लावली तर डिझेल वाचेल का. जाळी, बर्फ, चार माणसं धरून ती अडीच टनांच्या खाली नसणार. दोन टक्के म्हणजे पन्नास किलो, ११० पाउंड. कागदावर बसलं. पण त्यासाठी ३६ व्होल्ट, तीन बॅटऱ्या, ऐंशी-नव्वद किलो, आणि तेवढं करून वर वारा आणि उधाण यांना काहीच शिल्लक नाही. काकांना सांगा, इंजिन राहू द्या.

तुमच्यासाठी मात्र एक तिसरा पर्याय सांगून ठेवतो, कारण "हलकं आणि जोरदार" हेच हवं असेल तर तो त्या मापात बसतो. टॉर्कीडोसारख्या कंपन्यांचे विजेचे आउटबोर्ड, म्हणजे होडी पळवण्यासाठी मागच्या फळीला टांगायची इंजिनं. ट्रॅव्हल ११०३ हे ११०० वॅटचं, बॅटरीसकट साधारण १७ किलो. पंखा वेगळ्या घडणीचा, वॅटमागे होडीला पळवायचं काम जास्त काढतो. बॅटरी ९१५ वॅट-तासांची, म्हणजे पूर्ण जोरात पन्नास मिनिटं. किंमत ऐकून मात्र तुम्ही वल्ही पुन्हा हातात घ्याल. दोन-अडीच हॉर्सपॉवरचं छोटं पेट्रोल इंजिन तेरा-चौदा किलोत येतं आणि लिटरभर पेट्रोलवर परत आणतं. ओहोटीत अडकायची भीती असलेले बरेच जण येण्याजाण्याला ते आणि गळ टाकताना विजेची मोटर असं ठेवतात. सुरुवातीला एवढ्यात पडू नका.

पावसाळ्याचं विचारलं नाहीत, तरी: १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. विजेची मोटर आवाज करत नाही म्हणून ती यंत्रात मोजत नाहीत असं मनाशी ठरवू नका, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. तसंही त्या दोन महिन्यांतल्या वाऱ्यात ५५ पाउंड म्हणजे काहीच नाही. मोटर धुऊन, पंखा काढून, कोरड्या जागी टांगून ठेवा, बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा. वल्ही मात्र बाराही महिने होडीतच. मोटर आली म्हणून घरी नेऊ नका, आणि लाइफ जॅकेट अंगात, फळीखाली नाही.

तर ५५ ची, ३६ इंची दांडा, खाऱ्या पाण्याची, विनापायरीचा वेग, १०० ची लिथियम झेपली तर ती, नाहीतर ई-रिक्षावाली एक, १६ स्क्वेअरची वायर, ६० चा ब्रेकर. घेतल्यावर पहिल्या दिवशी धक्क्याला बांधून काट्यावर ओढून बघा आणि आलेला आकडा मोटरीच्या दांड्यावर मार्करने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा ओढा. दोन किलो कमी आले तर आधी जोड घासा, मग वायर बघा, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी मोटर माझ्याकडे आणा. काटा विकत घेऊ नका, माझा घेऊन जा. फक्त धुऊन परत द्या. मागच्या माणसाने त्यावर बोंबील तोलले होते.